सूर्य न्याहाळणारे धर्मगुरू : फादर आंजेलो सेक्की



भर उन्हात डांबरी रस्ता दूरवर थरथरताना दिसतो. हलतो तो रस्ता नव्हे, तापलेली हवा. दुर्बिणीतून सूर्य पाहणाऱ्यांची अडचणही हीच. येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी अशा हवेतूनच वर्षानुवर्षे सूर्य न्याहाळला. त्यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८१८ साली इटलीतील रेज्जो एमिलिया येथे झाला. १८३३ साली ते येशूसंघात दाखल झाले. १८४८ च्या उठावात येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. फादर इंग्लंडला व पुढे अमेरिकेला गेले. परतल्यावर रोमन कॉलेजची वेधशाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आली. जुना मनोरा डळमळता होता. शेजारच्या संत इग्नेशियस चर्चचा घुमट बांधायचा राहून गेला होता. आतून दिसतो तो कापडावर रंगवलेला घुमट! खऱ्या घुमटासाठी उभारलेल्या भक्कम खांबांवर फादरांनी नवी वेधशाळा बांधली.

खांब स्थिर होते, हवा मात्र नव्हती. प्रतिमा सुधारण्याचे साधन तेव्हा नव्हते. हवा क्षणभर शांत होई, तेवढ्यात दिसलेले सूर्यावरील डाग हाताने रेखाटायचे, एवढाच उपाय होता.

ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या ज्वाला खऱ्या की भास, हाही वाद होता. १८६० च्या ग्रहणात स्पेनमध्ये दोन ठिकाणी घेतलेली छायाचित्रे जुळली. त्यातली काही फादरांची होती. ज्वाला सूर्याच्याच ठरल्या. १८६८ साली आपल्या देशात गुंटूर येथे ग्रहण पाहताना जान्सेन यांना ग्रहणाविनाही ज्वाला पाहण्याची युक्ती सुचली. फादरांनी ती उचलून ज्वालांची नोंद सुरू केली.

१८७० साली रोम इटलीच्या राज्यात गेले. १८७३ च्या कायद्याने संघाची मालमत्ता सरकारकडे गेली. फादरांनी ना संघ सोडला, ना दुर्बीण. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी मृत्यू येईपर्यंत वेधशाळा त्यांच्याकडेच राहिली.

आता दुर्बिणीतील लवचीक आरसा हवेची थरथर मोजून तिच्या उलट वाकतो. २०२५ साली कॅलिफोर्नियातील बिग बेअर वेधशाळेने सेकंदाला २२०० वेळा आकार बदलणाऱ्या आरशाने त्याच ज्वालांची अत्यंत स्पष्ट चित्रे प्रसिद्ध केली.

आम्हाला यातून एक बोध होतो. समोरचा माणूस धूसर दिसला की आपण त्यालाच दोष देतो. दोष मधल्या हवेचा, आपल्या रागाचा किंवा ऐकीव बोलण्याचा तर नाही ना? निवाड्यापूर्वी ती हवा शांत होऊ द्यावी.