बडोद्यातील अकरा दिवस

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावी २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. तिच्यासाठी आलेले डॉ. भीमराव रामजी आंबेडकर गावच्या शाळेत उतरले होते. पाहुण्याची सोय शाळेत व्हावी, यात नवल ते काय? परंतु याच पाहुण्याला चोवीस वर्षांपूर्वी एका वैभवशाली संस्थानच्या राजधानीत डोके टेकण्यापुरतीही जागा मिळाली नव्हती.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. महार जातीत जन्मल्यामुळे भीमरावांना शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. पाण्याच्या भांड्यालाही शिवता येत नसे. तरीही ते शिकत गेले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले व पुढे लंडनला गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. तो पाळण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले.

परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसर पडला होता. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच तो पुन्हा आठवला. हिंदूंच्या खाणावळीत आपणास थारा मिळणार नाही, हे ते जाणून होते. अखेर ते पारशांच्या एका धर्मशाळेत गेले. तेथे पारशांखेरीज कोणास ठेवीत नसत. पण रखवालदारालाही उतारूंची गरज होती. नोंदवहीत पारशी नाव लिहून त्याने त्यांना वरच्या मजल्यावर जागा दिली. तेथे दुसरे कोणी नव्हते. मोडक्या सामानाने भरलेले मोठे दालन, कंदिलाचा मंद उजेड आणि वटवाघळांची फडफड, अशा जागी हा विद्वान तरुण रात्री वाचीत बसे. संस्थानचा एखादा बंगला राहण्यास मिळावा म्हणून त्यांनी खटपट केली, पण ती फळास आली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या बेतात होते. तोच डझनभर पारशी हातांत काठ्या घेऊन आले. धर्मशाळा बाटविल्याबद्दल त्यांनी भीमरावांना धारेवर धरले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. भीमरावांनी दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एका हिंदू मित्राने, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, अशी अडचण सांगितली. दुसरा ख्रिस्ती होता. पत्नीला विचारल्यावाचून त्यास काही सांगता येईना. उघड नकार कोणीच दिला नाही, पण दारही कोणी उघडले नाही. मग भीमराव कित्येक तास एका बागेत बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. रात्री नऊच्या गाडीने ते मुंबईस परतले.

पुढे मुंबईत ते प्राध्यापक झाले, परळच्या चाळीत राहिले, आणि कालांतराने दादरला त्यांनी राजगृह ही वास्तू बांधली. तिचा मोठा भाग ग्रंथांसाठी होता.

स्वतःचे घर झाले, तरी प्रश्न सुटला नव्हता. गावोगावी अस्पृश्यांची वस्ती गावकुसाबाहेर असे. माणसाने कोठे राहावे हे त्याच्या जन्माबरोबरच ठरून जाई. तुटपुंज्या वतनी जमिनीच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावची चाकरी करावी लागे. हे वतन म्हणजे बेडीच होय, असे बाबासाहेबांचे मत होते. तडवळ्याची परिषद वतनदारांचीच होती.

स्वतंत्र भारताच्या संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब राज्यसभेचे सभासद होते. विधेयकाचे नाव त्यांना पसंत नव्हते. नागरी हक्कांचे संरक्षण हा आशय नावातच असावा, असे त्यांनी सुचविले. ती सूचना मानली गेली नाही. १९५५ साली कायदा झाला. अस्पृश्य म्हणून कोणासही कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा तेथे राहण्यास अडविणे हा त्याने अपराध ठरविला. धर्मशाळेचे दार बंद करणेही त्यात आले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्ली येथे निधन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७६ साली, त्या कायद्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे ठेवण्यात आले.