विशेष लेख : गाण्याची शाळा काढणारे विष्णु दिगंबर पलुसकर

आष्टी (ता. परतूर) : ऑगस्ट महिन्यात तीन दिवसांच्या अंतरानं एकाच माणसाची जयंती आणि पुण्यतिथी येते. 18 ऑगस्टला जयंती, 21 ऑगस्टला पुण्यतिथी. आपल्या शाळांच्या फलकावर हे नाव फारसं लिहिलं जात नाही. पण पोरगं पेटीवर सा रे ग म काढायला बसलं, वहीत पलटे उतरवून घेऊ लागलं किंवा संगीताच्या परीक्षेचा फॉर्म भरायला निघालं, की ते याच माणसानं पाडलेल्या वाटेनं चाललेलं असतं. हा माणूस म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. म्हणजे घरात टाळ, झांज, अभंग, आख्यान हे रोजचंच. आपल्याकडे सप्ताहात लेकरू मृदंगवाल्याच्या शेजारी बसून बसून हात बसवतं, तसंच विष्णूचंही सुरुवातीला झालं असणार. शाळेतही पोरगा चांगला होता. पण दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे गेल्यातच जमा झाले. पुस्तक वाचणं अवघड झालं, शाळा सुटली. उपचारासाठी मिरजेला नेलं, पण नजर काही पुरती परत आली नाही. तेव्हा पोराचा गळा चांगला आहे, याला गाण्याला लावा, असं ठरलं आणि मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याला ठेवलं.

बाळकृष्णबुवा म्हणजे त्या काळातलं मोठं प्रस्थ. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती त्यांनी. ते शिकले ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे आणि जोशीबुवा हद्दू-हस्सू खाँ यांच्या तालमीतले. हे मुद्दाम सांगायचं कारण, आज आपली लेकरं शाळेत जे राग म्हणतात त्यांच्या मागं खाँसाहेबांच्या घरांची मेहनत आहे, हे बऱ्याचदा विसरलं जातं.

मिरजेत नऊएक वर्षं शिक्षण झालं. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा शिकायचं. वही नाही, पुस्तक नाही, वेळापत्रक तर नाहीच. त्यात गवयाला समाजात मान नव्हता. गाणं ऐकायला लोक जमायचे, पण पंगतीला बोलवायचं म्हटलं की विचार करायचे. असं सांगतात की मिरजेत एका समारंभाला विष्णूला बोलावणं आलं आणि गुरूला मात्र आलं नाही, कारण ते पडले गवई. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. 1896 साली त्यांनी मिरज सोडली, तेव्हा वय होतं 24.

पुढची पाच वर्षं भटकंतीची. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी गाणं राजाच्या नाहीतर सावकाराच्या दिवाणखान्यात चालायचं. चार पैसे देऊन कुणीही यावं आणि ऐकावं, ही गोष्टच नवीन होती.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. मागं राजा नाही, संस्थान नाही, सगळा कारभार लोकवर्गणीवर. सुरुवातीचे दिवस तर विद्यार्थीच येईनात. बुवा मात्र ठरल्या वेळेला तंबोरा जुळवून वर्गात बसत आणि वेळ संपली की उठत. मग हळूहळू एकेक जण यायला लागला. दूरच्या परक्या मुलखात, भाषा वेगळी, डोळ्यांना धड दिसत नाही आणि समोर रिकामी सतरंजी. तिथं नेमानं बसायला काय लागलं असेल, ते ज्यांनी गावात शिकवणी किंवा भजनाचा वर्ग चालू करून पाहिलाय त्यांना विचारा.

शाळा म्हटलं की अभ्यासक्रम आला. बुवांनी वर्ग पाडले, परीक्षा ठेवल्या, स्वर आणि ताल कागदावर लिहायची पद्धत बसवली. लहान मुलांसाठी ‘संगीत बालबोध’, ‘संगीत बालप्रकाश’ अशी पुस्तकं काढली. छापायला स्वतःचा छापखाना घातला, वाद्यं दुरुस्त करायला कारखाना काढला. मुलींना शिकवायची सोय केली. जुन्या बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून त्यांनी भक्तीची पदं घातली. यावर पुढं टीका झाली आणि ती सगळीच चुकीची होती असंही नाही. पण ज्या घरात गाणं म्हणजे वाया गेलेल्यांचं काम समजत, त्या घरातली आई पोरीला वर्गाला पाठवणार कशी, हा त्यांच्या पुढचा प्रश्न होता. त्यांची लिहिण्याची पद्धत जरा किचकटच होती. आज बहुतेक ठिकाणी भातखंडे यांची सोपी पद्धत चालते.

पुढचे शिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी निवडक मुलं जवळ ठेवली. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. बदल्यात शिकून झाल्यावर त्यांनी गाणं शिकवायचं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी बुवांच्या हाताखालची मुलं. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात गेले आणि तिथल्या प्रार्थनेला त्यांनी सूर दिला. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् बुवा स्वतः गात. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी हरकत घेतली, तरी त्यांनी ते पूर्ण म्हटलं.

1908 साली मुंबईची शाळा निघाली. पुढं स्वतःची इमारत बांधली ती कर्ज काढून आणि तिथंच गणित चुकलं. फी कमी, मुलं फुकट जेवणारी, मैफलीचा पैसा शाळेतच जायचा. शेवटी सावकारांनी इमारत लिलावात काढली. कर्जापायी शेतीवाडी जाताना आपण पाहतो, इथं शाळा गेली. घरातही तसंच, अनेक मुलं झाली आणि लहानपणीच गेली. 1921 साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा हाती लागला. बुवा नाशिकला रामनामात रमले. 21 ऑगस्ट 1931 ला मिरजेत गेले, वय 59 पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते.

त्याच वर्षी शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर घेतं ते हेच मंडळ. दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळतात, तेही अशाच परीक्षांच्या प्रमाणपत्रावर. गवयाच्या घरात जन्म झाला नाही तरी चालतं, फॉर्म भरला की बसता येतं.

अडचण पुढं आहे. बुवा लाहोरात होते तेव्हा आपला हा भाग निजामाच्या राज्यात. पुढं परतूर परभणी जिल्ह्यात होतं आणि 1981 ला जालन्यात आलं. जिल्हा बदलला, राज्य बदललं, पण खेड्यात गाणं शिकायची जागा मंदिर आणि सप्ताह हीच राहिली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यावा असं लिहिलेलं आहे. आपल्या गावच्या शाळेत पट किती आणि निदेशक आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांना विचारता येतं. गावात पखवाजवाले आहेत, पेटीवाले आहेत. परिपाठाच्या वेळी आठवड्यातून एक दिवस त्यांना बोलावायला पैसाही फार लागत नाही.

बुवा गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. बापाकडून त्याला फार काही शिकता आलं नाही. विनायकरावांनी त्याला पुण्याला शिकवलं आणि तोच पुढं डी. व्ही. पलुसकर म्हणून देशभर गाजला. 1955 मध्ये अवघ्या 34 व्या वर्षी तो गेला. त्याची भजनं आजही पहाटे रेडिओवर लागतात.