केगवरचा काटा आणि मँचेस्टरचा विल्यम हेन्री

घरी बिअर बनवणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे केगमध्ये गॅस किती सोडायचा. कमी सोडला तर बिअर मिळमिळीत लागते. जास्त झाला तर ग्लासात पाऊण भाग फेस. अनुभवी मंडळी सांगतात, फ्रिज ४ अंशांवर ठेव, रेग्युलेटर १२ पीएसआयवर लाव आणि दहा-बारा दिवस विसरून जा. हे १२ आणि ४ आले कुठून? त्यासाठी दोनशेहून अधिक वर्षं मागे, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला जावं लागेल. तिथल्या विल्यम हेन्रीचं नाव बारावीत रसायनशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. 'हेन्रीचा नियम' आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि माणूस राहून जातो.

(अमेरिकेत किंवा युरोपात राहणारे बरेच वाचक घरी बिअर बनवतात, म्हणून हा विषय. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, हे लक्षात असू द्या. पण घरचा सोडाही याच नियमाने चालतो.)

गॅसवर चालणारं घर

विल्यमचा जन्म १२ डिसेंबर १७७४ चा. त्याच वर्षी जोसेफ प्रीस्टलीने ऑक्सिजन वेगळा केला होता. हा प्रीस्टली आपल्या गोष्टीत आधीच येऊन गेलाय. लीड्समध्ये तो बिअरच्या कारखान्याशेजारी राहायचा आणि आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा जड वायू बघून त्याला तो पाण्यात मिसळायची कल्पना सुचली. ती कृती त्याने १७७२ मध्ये छापली. म्हणजे सोडावॉटर हे मुळात बिअरचंच भावंडं. प्रीस्टलीने त्यातून पैसे कमावले नाहीत, ते काम इतरांनी केलं. त्यांतला एक म्हणजे विल्यमचे वडील, थॉमस हेन्री.

थॉमस औषधविक्रेते होते, आणि त्यांचा खरा पैसा आला मॅग्नेशियातून. पांढरा मॅग्नेशिया म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. तो तापवला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते ती पोटाला सोसणारी आम्लनाशक पूड. गंमत बघा, एकीकडे मॅग्नेशियातून गॅस काढून टाकायचा आणि दुसरीकडे तोच गॅस पाण्यात कोंबून कृत्रिम खनिज पाणी विकायचं! या घरातल्या मुलाने पुढे गॅस आणि पाणी यांचा हिशेब मांडला, याचं नवल वाटायला नको.

पण लहानपणीच विल्यमवर मोठा घाव बसला. एक जड तुळई अंगावर पडली आणि त्याची एक बाजू जायबंदी झाली. वाढ खुंटली आणि दुखणं कायमचं मागे लागलं. धावण्या-खेळण्याचे दिवस त्याने पुस्तकांत घालवले. शाळा संपल्यावर काही वर्षं तो मँचेस्टरचे नामांकित डॉक्टर थॉमस पर्सिव्हल यांच्याकडे सचिव म्हणून राहिला. मग १७९५ मध्ये वैद्यक शिकायला एडिंबराला गेला. तिथे त्याला जोसेफ ब्लॅकची व्याख्यानं ऐकायला मिळाली. मॅग्नेशियातून निघणारा हा वायू हवेपेक्षा वेगळा आहे, हे दाखवणारा तोच तो ब्लॅक.

वर्षभरात मात्र धंद्याची गरज म्हणून विल्यमला परत यावं लागलं. पदवी अर्धवट राहिली, ती त्याने १८०७ मध्ये पुन्हा एडिंबराला जाऊन मिळवली. मधल्या काळात तो वडिलांचा कारखाना बघत होता, मँचेस्टरमध्ये रसायनशास्त्रावर व्याख्यानं देत होता आणि रिकाम्या वेळात प्रयोग करत होता. त्याने लिहिलेलं छोटं पाठ्यपुस्तक वाढत वाढत जाडजूड झालं आणि त्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. एका पिढीने इंग्लंडमध्ये रसायनशास्त्र शिकलं ते बरंचसं या पुस्तकातून.

एक पेला पाणी, एक पेला गॅस

सोडावॉटर तेव्हा सगळेच बनवत होते, पण अंदाजाने. दाब वाढवला की गॅस जास्त मुरतो हे कारागिरांना माहीत होतं. किती जास्त, हे कुणी मोजलं नव्हतं. हेन्रीने ते मोजलं. काचेच्या भांड्यात पाणी आणि गॅस घ्यायचा, पाऱ्याच्या स्तंभाने दाब द्यायचा, भांडं जोरजोरात हलवायचं आणि किती गॅस नाहीसा झाला ते पाहायचं. साध्या हवेच्या दाबापासून सुरुवात करून तो तिपटीपर्यंत गेला. हा निबंध डिसेंबर १८०२ मध्ये रॉयल सोसायटीत वाचला गेला आणि १८०३ मध्ये छापून आला.

निष्कर्ष पाठ्यपुस्तकात दिसतो त्याहून सोप्या रूपात होता. साधारण १५ अंश तापमानाला एक पेला पाणी जवळजवळ एक पेला कार्बन डायऑक्साइड पितं. दाब दुप्पट केला तरी ते एक पेलाच पितं. पण त्या एका पेल्यात आता दोन पेले गॅस दाबून बसलेला असतो! तिप्पट दाबाला तीन पेल्यांचा. म्हणजे विरघळलेला गॅस दाबाच्या सरळ प्रमाणात. झाला हेन्रीचा नियम.

बिअरवाल्यांचं मोजमाप आजही हेच आहे. बिअर अडीच 'व्हॉल्यूम'ची आहे, याचा अर्थ एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस विरघळलाय. इंग्लिश पद्धतीची पिंपातली एल दीड ते दोन व्हॉल्यूमची असते, नेहमीची लागर अडीचच्या आसपास, आणि जर्मन गव्हाची बिअर तीनच्याही वर जाते.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी थंड असेल तेवढा गॅस जास्त मुरतो, हेही हेन्रीच्या तक्त्यांत आहे. शून्य अंशाला एक पेला पाणी सुमारे १.७ पेले गॅस घेतं, २० अंशांना फक्त ०.९ च्या आसपास. म्हणूनच ४ अंशांच्या केगवर १२ पीएसआय लावले की बिअर अडीच व्हॉल्यूमवर स्थिरावते. तोच केग २० अंशांच्या खोलीत ठेवला तर तेवढ्याच दाबात जेमतेम दीड मिळेल. अडीच हवे असतील तर काटा २९ पर्यंत न्यावा लागेल.

इथे एक चूक फार जण करतात. रेग्युलेटरचा काटा हवेच्या दाबाच्या *वरचा* दाब दाखवतो, हेन्रीच्या नियमात मात्र *एकूण* दाब धरायचा असतो. समुद्रसपाटीला हवेचेच १४.७ पीएसआय असतात. काटा १२ वरून २४ वर नेला म्हणून गॅस दुप्पट होत नाही. २६.७ चे ३८.७ होतात, म्हणजे अडीच व्हॉल्यूमचे सुमारे ३.६. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे काट्यावर थोडं जास्त लावावं लागतं. पुण्याच्या उंचीला हा फरक साधारण १ पीएसआयचा भरतो.

डाल्टनने दाखवलेली खोट

हेन्रीचे सुरुवातीचे काही आकडे नीट जुळत नव्हते. मँचेस्टरमध्ये त्याचा एक मित्र होता, जॉन डाल्टन, तोच अणुसिद्धांतवाला. या दोघांच्या चर्चेतून लक्षात आलं की भांड्यात उरलेला वायू शुद्ध राहत नाही. पाण्यात आधीपासून असलेली हवा बाहेर येऊन त्यात मिसळते, आणि मग एकूण दाब पाहून चालत नाही. ज्या वायूचा हिशेब करायचा, फक्त त्याच्या वाट्याचा दाब धरावा लागतो. हेन्रीने प्रयोग पुन्हा केले आणि सुधारलेले आकडे पुरवणी म्हणून छापले. डाल्टनच्या वायुमिश्रणाच्या कल्पनेबद्दल तो आधी साशंक होता. स्वतःचे आकडे पाहून त्याचं मत बदललं, आणि तेही त्याने जाहीरपणे मांडलं. मला हा भाग नियमापेक्षा मोठा वाटतो.

केगमध्ये ही खोट जशीच्या तशी भेटते. बिअर भरल्यावर वर राहिलेली हवा काढून टाकली नाही, तर काटा १२ दाखवत असतो खरा, पण त्यातला काही वाटा नायट्रोजन-ऑक्सिजनचा असतो. बिअर अपेक्षेपेक्षा फुसकी राहते आणि ऑक्सिजनने चवही बिघडते. म्हणून झाकण लावल्यावर गॅस भरायचा, वरची झडप ओढून सोडायचा, असं चार-पाच वेळा करायचं.

आणि हेन्री भांडं हलवत का होता? कारण नियम शेवटी *किती* गॅस मुरेल ते सांगतो, *कधी* ते नाही. स्थिर केगमध्ये गॅस फक्त वरच्या पृष्ठभागातून हळूहळू उतरतो, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. हलवला तर काम लवकर होतं. पण घाई म्हणून ३० पीएसआय लावून हलवत बसलात तर केग अडीचवर थांबणार नाही, पुढेच जाणार. हलवायचाच असेल तर काटा १२ वरच ठेवून हलवा. नळाशी फेस येतो तो बहुतेक वेळा वेगळ्या कारणाने, नळी आखूड किंवा गरम असल्यामुळे. घरच्या नळाला सुमारे ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, तीनेक मीटर लांब नळी लावली की दाब वाटेत जिरतो.

नंतरची वर्षं

१८०८ मध्ये हेन्रीला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं, पुढच्या वर्षी तो तिचा सदस्य झाला. डॉक्टरकी त्याने काही काळ केली, पण तब्येतीने साथ दिली नाही. मग कारखाना आणि प्रयोगशाळा. शहरात दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे येऊ लागले होते, त्या गॅसचं पृथक्करण करण्यात त्याची बरीच वर्षं गेली.

१८३१ च्या सुमारास कॉलऱ्याची भीती पसरली तेव्हा त्याने दूषित कपडे नुसत्या उष्णतेने निर्धोक होतात का, हे तपासलं. स्कार्लेट फीवरच्या रुग्णांचे तापवलेले कपडे त्याने निरोगी मुलांना घालून पाहिले. मुलांना काही झालं नाही. जंतू माहीत नसताना काढलेला निष्कर्ष बरोबर होता, पण आज असा प्रयोग कुठलीही समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये.

तुळईचं ते दुखणं मात्र आयुष्यभर सुटलं नाही. वयाबरोबर वेदना वाढत गेल्या, हातांवरही परिणाम झाला आणि नाजूक प्रयोग करणं अवघड होत गेलं. शेवटी झोपही उडाली. २ सप्टेंबर १८३६ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, मँचेस्टरजवळच्या पेंडलबरीच्या राहत्या घरी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

डाल्टन त्यानंतर आठ वर्षं जगला. त्याचं चरित्र १८५४ मध्ये प्रसिद्ध झालं, ते लिहिलं हेन्रीच्या मुलाने, विल्यम चार्ल्स हेन्रीने.