बहिणीचा वारसा आणि नीलकंठभट्ट

बहिणीस माहेरच्या मिळकतींत हक्क देणें म्हणजे सनातन शास्त्र बुडविणें, असें मानणारे गृहस्थ अद्यापि पुष्कळ आढळतात. त्यांनीं नीलकंठभट्टांच्या चरित्राकडे एकवार पाहावें, अशी आमची विनंति आहे.

भट्टांचें घराणें मूळचें पैठणचें. पणजे रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिले, आजे नारायणभट्ट तेथील पंडितांचे अग्रणी झाले, आणि वडील शंकरभट्ट मीमांसेंत नांवाजले. अशा कर्मठ कुळांत वाढलेल्या नीलकंठांनीं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, यमुना-चंबळ संगमानजीकच्या भरेह येथील राजा भगवंतदेव ह्याच्या आश्रयानें, भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा ग्रंथ रचिला. त्यांतील व्यवहारमयूखानें त्यांचें नांव न्यायमंदिरांत अमर केलें. इंग्रजी अमदानींत गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मिताक्षरेशीं विरोध आल्यास मयूखच प्रमाण मानीत. कै. विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांनीं १८८० मध्यें त्याचें भाषांतर प्रसिद्ध केलें, व पांडुरंग वामन काणे ह्यांनीं १९२६ मध्यें त्याची आवृत्ति काढली.

वारसांच्या क्रमांत नीलकंठांनीं आजीच्या पाठोपाठ बहिणीस बसविलें. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. बहीण भावाच्याच गोत्रांत जन्मली, म्हणून ती गोत्रज होय; विवाहानें तिचें गोत्र पालटलें, तरी वारशाचें कारण जन्म आहे, विवाह नव्हे. इतर प्रांतांतील बहिणींस असें स्थान मिळण्यास १९२९ चा कायदा व्हावा लागला. पुत्र असतां कन्येस बरोबरीचा वांटा नीलकंठांनींही दिला नाहीं, हें खरें. परंतु जन्माचें जें तत्त्व त्यांनीं बहिणीस लाविलें, तेंच पुढें नेल्यास कन्या पुत्राच्या पंक्तीस येऊन बसते. महाराष्ट्रानें १९९४ मध्यें व मध्यवर्ती सरकारनें २००५ मध्यें तिला जन्मतःच सहदायाद ठरविलें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें त्यावरील उरलासुरला संशय फेडिला.

कायदा झाला, पण व्यवहार बदलला काय? बाप वारल्यावर थोड्याच दिवसांत बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवण्यांत येतें. साडीचोळीवर तिची बोळवण होते, आणि सही न केल्यास माहेर तुटेल हें भय तिला घालावयास कोणी बोलावेंही लागत नाहीं. आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं विचारतों, पेढीवरील कोणता हक्क आपण मोबदल्यावांचून सोडून देतां? बहिणीनें आपखुषीनें वांटा सोडला तर तो तिचा अधिकार. परंतु त्यापूर्वीं मिळकतीची संपूर्ण यादी व किंमत तिच्यापुढें मांडणें, हें भावाचें कर्तव्य होय. काशीच्या एका शास्त्र्यानें तिचा जन्म मान्य केला; आम्हीं निदान तिचा हिशेब तरी मान्य करावा.