यास्नाया पोल्यानाची गृहिणी

टॉलस्टॉयचे नाव आपल्याकडे बहुधा गांधीजींच्या नावाबरोबर घेतले जाते, आणि डोळ्यांपुढे उभा राहतो तो पांढऱ्या दाढीचा ऋषी. त्या ऋषीचा संसार ४८ वर्षे ओढणारी सोफिया मात्र आपल्याला अपरिचितच राहते.

मॉस्कोच्या दक्षिणेस तुला शहराजवळची यास्नाया पोल्याना ही जहागीर टॉलस्टॉयकडे आईकडून आली. १८२८ साली ज्या मोठ्या वाड्यात तो जन्मला, तो त्याने ऐन तारुण्यात विकला व पैसे जुगारात उडवले. विकत घेणाऱ्याने वाडा उतरवून नेला. मागे राहिलेल्या बाजूच्या इमारतीत १८६२ च्या सप्टेंबरात अठरा वर्षांची सोफिया नववधू म्हणून आली. नवरा ३४ वर्षांचा. लग्नापूर्वी त्याने आपल्या जुन्या रोजनिशा तिच्या हाती दिल्या होत्या. त्यांत अक्सिन्या नावाच्या शेतकरी स्त्रीशी असलेले त्याचे संबंधही होते, आणि ती स्त्री त्याच जहागिरीत राहत होती! याला सत्यनिष्ठा म्हणतात खरे. पण त्या सत्याचे ओझे वाहिले कोणी?

तरीही पहिली वर्षे सुखाची गेली. ‘युद्ध आणि शांती’ची खाडाखोडीने भरलेली हस्तलिखिते ती रात्री दिव्यापाशी बसून पुन्हा पुन्हा उतरून काढी. तेरा बाळंतपणे झाली. पाच मुले बालपणीच गेली.

पुढे टॉलस्टॉयला वैराग्याची ओढ लागली. मालमत्ता, मानधन, दांपत्यसुख, सारेच त्याला पाप वाटू लागले. ‘क्रॉइत्झर सोनाटा’त त्याने विवाहसंस्थेवरच आसूड ओढला. लोक त्यात टॉलस्टॉयचेच घर शोधू लागले. सोफिया दुखावली, आणि तरीही १८९१ मध्ये त्या बंदी घातलेल्या कथेला समग्र वाङ्मयात स्थान मिळावे म्हणून खुद्द झारला जाऊन भेटली. परवानगी मिळवून आणली. तिने या कथेला उत्तर म्हणून पत्नीच्या बाजूने एक कादंबरिका लिहिली होती. ती छापली गेली १९९४ साली!

१८९१ मध्येच टॉलस्टॉयने १८८१ नंतरच्या लेखनावरील हक्क सोडले. पुढल्या वर्षी जहागीर पत्नी-मुलांत वाटली. सर्वसंगपरित्याग त्याचा, घरखर्चाची चिंता तिची. त्यातच चेर्टकोव्ह हा शिष्य पतिपत्नींच्या मध्ये आला. रोजनिशा कोणाकडे राहाव्यात यावरून घरात रणे माजली. १९१० च्या जुलैत टॉलस्टॉयने रानात, एका झाडाच्या बुंध्यावर बसून, पत्नीच्या नकळत मृत्युपत्रावर सही केली. हक्क धाकट्या मुलीच्या, अलेक्झांड्राच्या नावे झाले. सोफियाला संशय होताच. ती कागद धुंडाळू लागली.

जुन्या रशियन पंचांगानुसार २८ ऑक्टोबरच्या पहाटे ८२ वर्षांचा टॉलस्टॉय डॉक्टरला घेऊन घराबाहेर पडला. पत्र वाचताच सोफियाने तळ्यात उडी घेतली. तिला बाहेर काढले. अस्तापोवो स्टेशनात तो न्यूमोनियाने पडला असता ती खास गाडीने तेथे पोहोचली, पण स्टेशनमास्तरांच्या घरात तिला आत घेतले ते त्याची शुद्ध हरपल्यावरच. ७ नोव्हेंबरला तो गेला.

त्याची समाधी जहागिरीतल्या रानात आहे, दगडाविना, गवताखाली. सोफिया त्याच घरात आणखी नऊ वर्षे राहिली आणि १९१९ च्या नोव्हेंबरात गेली. तिला पुरले ते मात्र त्या रानात नव्हे. कोचाकीच्या चर्चजवळ, घराण्यातल्या इतरांच्या शेजारी.