पावलांनी मोजलेला प्रदेश

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिबेटचा बराचसा भाग नकाशावर कोराच होता. परकीयांना तेथे प्रवेश नव्हता. हा कोरा भाग ज्यांच्या पावलांनी भरून निघाला, त्यांत पंडित नैनसिंह रावत यांचे नाव अग्रगण्य आहे.

नैनसिंहांचा जन्म १८३० साली कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम या गावी झाला. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या तिबेटशी व्यापार करीत. त्यामुळे तिबेटी भाषा व चालीरीती नैनसिंहांना परिचित होत्या. काही वर्षे ते गावच्या शाळेत शिक्षक होते. म्हणूनच लोक त्यांना ‘पंडित’ म्हणत.

१८६३ साली सर्वेक्षण खात्याने त्यांची निवड केली. डेहराडून येथे त्यांना चढ असो वा उतार, सारख्याच लांबीचे पाऊल टाकण्यास शिकवण्यात आले. दोन हजार पावले म्हणजे एक मैल. पावले मोजण्यासाठी १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ होती. दर शंभर पावलांनी एक मणी सरकवायचा. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले असत. पाणी किती तापमानाला उकळते, यावरून ते त्या ठिकाणाची उंची काढीत.

१८६५ साली नैनसिंह वेषांतर करून नेपाळमार्गे तिबेटात शिरले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. खरी ओळख उघड झाली असती, तर प्राणांवर बेतले असते. तरीही सुमारे १,२०० मैलांची, म्हणजे जवळजवळ २४ लाख पावलांची मोजणी करून ते परतले.

१८७४ साली ते लेहहून पुन्हा निघाले. या वेळची वाट चांगथांग पठारावरून जात होती. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच असलेला हा प्रदेश म्हणजे थंड वाळवंटच! पाऊस अत्यल्प, झाडांचा मागमूस नाही, वस्ती तुरळक. येथील डोंगररांगा व खाऱ्या पाण्याची सरोवरे टिपत ते ल्हासाला गेले आणि १८७५ मध्ये आसामात उतरले.

या खडतर प्रवासांनी त्यांची दृष्टी अधू झाली. पुढे त्यांनी नव्या सर्वेक्षकांना आपली विद्या शिकवली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

चोवीस लाख पावलांत कोठे चूक झाली, तर ती पकडणारे सोबत कोणी नव्हते. अशा एकांतातही नैनसिंहांनी मोजणीशी इमान राखले. तिबेटच्या नकाशावरील रेषा त्या प्रामाणिकपणावर उभ्या राहिल्या.