विश्लेषण : मेंदूत गाठ की गळू? स्कॅन नसताना फरक ओळखणारे मॅक्युएन

परळमध्ये केईएम आणि टाटा ही रुग्णालये चालत जाण्याइतकी जवळ. स्कॅनमध्ये मेंदूत कडीसारखा डाग दिसला की नातेवाईक आधी टाटाचा विचार करतात. पण तसाच डाग जंतुसंसर्गाने झालेल्या गळवाचाही असू शकतो. हा फरक क्ष-किरणांच्याही आधी ओळखू पाहणारे सर्जन म्हणजे सर विल्यम मॅक्युएन.

कोण होते मॅक्युएन?

जन्म १८४८चा, स्कॉटलंडमधील रॉथसेचा. शिक्षण आणि नोकरी ग्लासगोत. १८७६ मध्ये त्यांच्याकडे ११ वर्षांचा मुलगा आला. डाव्या भुवईवर जखम झालेली. पुढे उजव्या अंगाला झटके येऊ लागले, वाचा गेली. वाचेचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते, हे तेव्हा नुकतेच कळले होते. त्यावरून मॅक्युएन यांनी पू नेमका कुठे आहे ते सांगितले आणि शस्त्रक्रिया सुचवली. घरच्यांनी नकार दिला. मुलगा दगावला. शवविच्छेदनात गळू त्याच जागी निघाले.

१८७९ मध्ये १४ वर्षांच्या मुलीच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ त्यांनी काढली. ती पुढे आठ वर्षे जगली.

ते ओळखत कसे?

कान वाहण्याचा इतिहास ते आवर्जून विचारत. मेंदूत पू असूनही ताप नसतो, नाडी मंदावते, हे त्यांनी टिपले. माठ घेताना आपण वाजवून बघतो, तशी ते कवटीही वाजवून बघत. आतला दाब वाढला की आवाज बदलतो. १८९३च्या त्यांच्या ग्रंथात गळवाच्या १९ शस्त्रक्रियांपैकी १८ रुग्ण बरे झाल्याची नोंद आहे. तीही अँटिबायोटिक्स नसताना! १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

परळशी संबंध काय?

भारतात पेच आणखी अवघड होता, कारण क्षयाच्या गाठी. केईएमच्या डॉ. होमी दस्तूर आणि डॉ. ए. डी. देसाई यांनी क्षयगाठीचे १०७ आणि ग्लायोमा या ट्यूमरचे १०७ रुग्ण ताडून पाहिले. तो अभ्यास १९६५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. आज एमआरआयच्या डिफ्युजन तपासणीत दाट पू बहुतेकदा चमकतो, ट्यूमरचा मृत गाभा काळसर दिसतो. क्षयगाठ मात्र अजूनही चकवते. मग सुईने नमुना घ्यावा लागतो.